फरशीखालच्या नळ्या

अब्बा,

नळदुर्गात चर्चचा नवा हॉल उभा राहतोय आणि त्याच्या आवाजाचं, कॅमेऱ्यांचं काम माझ्याकडं आलंय. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या नाताळाला भोंगे बांधले, म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हे सांगायला घरात आता कुणी उरलेलं नाही, आणि मी लई थकलोय.

जुन्या हॉलातला एक नाताळ आठवतो. मी आयटीआय करून नुकताच आलेलो, ॲम्प्लिफायरला तुम्हाला हातही लावू देत नव्हतो. पाळकांची प्रार्थना सुरू होती आणि मी आवाज वाढवत नेला. स्पीकरनं शिट्टी मारली, लोकांनी कान झाकले. सगळ्यांदेखत तुम्ही काही बोलला नाहीत. हाताला धरून मला शेवटच्या बाकावर नेलंत, एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बसवलंत आणि हळूच म्हणालात, "इथं बसून ऐक. यांना शब्द कळला तर तुझं काम झालं. कान फोडायला आपल्याला कुणी बोलावलेलं न्हाय." कार्यक्रम संपेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. रस्त्यावरून ट्रक गेला की त्या बाई माझ्याकडं वळून विचारायच्या, काय म्हणाले? तेव्हा मला तुमचा फक्त राग आला होता.

नव्या हॉलच्या आवाजाचा आराखडा मी मागच्या बाकांपासून आखायला घेतला. महामार्गाकडच्या भिंतीला खिडक्या कमी, स्पीकर छोटे पण जागोजागी. यंदा फक्त आवाज; कॅमेरे दोन-तीन वर्षांनी, मंडळीतली दोन माणसं ते चालवायला शिकली की. पण त्यांच्या तारांसाठी रिकाम्या नळ्या आत्ताच फरशीखाली टाकायच्या, नाहीतर पुढं सगळी फरशी उखडावी लागेल. समितीला मात्र मोठा पडदा आणि कॅमेरे आधी हवेत. पुण्याला गेलेली लेकरं घरबसल्या उपासना बघतील, असं अध्यक्ष म्हणतात. त्यांचंही चूक नाही. त्यांची स्वतःची मुलगी तिकडं असते. तीन बैठका झाल्या. दरवेळी मी नकाशा पसरतो, आणि दरवेळी कुणीतरी विचारतं, रिकाम्या नळ्या कशाला?

गेल्या रविवारी चौथी बैठक झाली. सोमवारी फरशी बसणार होती. मी पुन्हा पहिल्यापासून समजावत होतो आणि बोलता बोलता माझं त्राणच गेलं. अध्यक्षांकडं बघून म्हणालो, "अब्बा म्हणायचे, आधी वाट ठेवा, मग गाडी आणा."

मग अध्यक्ष म्हणाले, "त्यांनी सांगितलंय तर टाका नळ्या. त्या माणसानं आमचं कधी वाईट चिंतलं न्हाय."

सोमवारी सकाळी नळ्या पडल्या, दुपारी फरशीवाले आले. मी दाराशी उभा राहून बघत होतो. बरं वाटायला हवं होतं.

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात, अब्बा. तुम्ही तारा सतरंजीखालून न्यायचात, जोडावर चिंधी गुंडाळायचात आणि पुढच्या वर्षी सगळं पुन्हा नव्यानं. ते वाक्य माझंच होतं. माझं म्हणून ठामपणे सांगायची ताकद त्या दिवशी राहिली नव्हती, म्हणून तुमच्या नावावर खपवलं. अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन, असंही वाटत नाही.