वाटीतले चिंचोके

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मंचरला खतांच्या दुकानावरच्या खोलीत तुम्ही आम्हा सात-आठ मुलींना जपानी शिकवायचात. कंपनीत दुभाषी करून दाखवतो, असं घरोघर जाऊन सांगून आलेले तुम्ही. टेबलावर स्टीलची वाटी असायची. उभं राहून बोलताना कुणी अडखळलं की तुम्ही वाटीत एक चिंचोका टाकायचात. टण्ण. तास संपताना जिचे चिंचोके जास्त, तिनं फळ्यापुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. कुणी हसलं नाही तर विचारायचात, "का गं, तुला बी यायचंय का हितं?" मग सगळ्या हसायच्या. मीही हसले आहे. शिनोलीची एक मुलगी रडत उतरली ती परत आलीच नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं, एक म्हैस कमी झाली."

माझी वही मात्र तुम्ही सगळ्यांना दाखवायचात. मुलाखतीला मला घेऊन तुम्हीच गेलात, शेजारी बसलात. इकडे आमच्या अवसरीत आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं, "आमची पोरगी जपानी सायबासंगं बोलनार हाय." साहेब भला माणूस होता. पाठ केलेली ओळख मी घडाघडा म्हणून टाकली. मग तो सहज विचारतो, तुमच्या शेतात काय पिकतं? बटाटा. शब्द अगदी ओठांवर आलेला, आणि तेवढ्यात तुम्ही चहाचा चमचा बशीत ठेवलात. टण्ण. माझी वाचाच बसली. साहेब थांबायला तयार होता. तुम्हीच त्याला जपानीत म्हणालात, हिला लिहायचं काम द्या, हिच्या तोंडाचा काही उपयोग नाही. ते सबंध वाक्य मला पहिल्या झटक्यात समजलं. तेव्हापासून मी यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करते, एका खोलीत, एकटी. तुमचा मला राग येतो, सर. अजून येतो.

तुम्हाला अर्धांगवायू झाल्यावर एका दुपारी मी तुमच्या घरी भेटायला आले होते. काकू रडकुंडीला आलेल्या. "सकाळधरनं कायतरी सांगत्यात, मला उमगतच न्हाई. तू बग गं, तुला कळंल." तुमचं तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा. दोन वर्षं मी वर्गात तुमच्या ओठांकडे बघत बसले होते. मला लगेच कळलं. तुम्ही पाणी मागत होतात.

"झोपायचंय म्हणतायत," मी म्हणाले.

काकूंनी तुमच्या अंगावर चादर घातली, दार लोटलं, आणि ओट्यावर बसवून मला चहा दिला. मी तो सगळा प्यायले. त्या म्हणाल्या, "लई बरं झालं बाई तू आलीस."

हे खरं तर त्यांना सांगायला हवं. काकू अजून मंचरलाच आहेत, एसटीनं वीस मिनिटं. आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे.