अण्णांच्या सेटची गुणगुण

३ फेब्रुवारी १९५७, रविवार

गेल्या रविवारी लिहिलं ते चूक. ट्रान्सफॉर्मर खराब आहे असं लिहिलं होतं. खराब नाही — लहान आहे. आवाज वाढावा म्हणून तिसरा व्हॉल्व्ह मीच बसवला आणि त्याचाही भार त्या एवढ्याशा वस्तूवर टाकला. म्हणून तापतो. दोष माझा. हे नोंदवल्याशिवाय पुढे लिहवेना.

अण्णांसाठी केलेला हा सेट. एका टोकाला माइक, मध्ये व्हॉल्व्ह, दुसऱ्या टोकाला हेडफोन. आपण माइकपुढे नेहमीसारखं बोलायचं, अण्णांनी ऐकायचं. माझे वडील, स्टेशनावर तारमास्तर. तारयंत्राच्या साउंडरची टकटक कानांनी ऐकून गाड्यांच्या तारा लिहून घ्यायच्या, ही त्यांची नोकरी. ऐकू कमी येतं हे बाहेर कळलं तर ती गेलीच. आईने बजावून ठेवलंय, शेजारच्या कमळाबाईंनाही सांगायचं नाही. त्यांनी सेट पाहिलाच तर म्हणायचं, जयाचा रेडिओ आहे, लागत नाही.

अण्णांची तक्रार एकच — गुणगुण. माशी अडकल्यासारखी, म्हणाले. मोठा ट्रान्सफॉर्मर घातला की जाईल ना?

५ फेब्रुवारी

कल्याणला गेले. काळुराम लढाईतलं जुनं सामान विकतो. तिथे एक ट्रान्सफॉर्मर मिळाला — काळा, देखणा, मुठीत मावेल एवढा! पाठीवर ४०० हा आकडा. मला तीनशे व्होल्ट हवेत. वरचे उतरवता येतील. इतका हलका कसा, हे विचारायला हवं होतं. काळुरामसमोर अडाणी दिसेन म्हणून विचारलं नाही.

आई म्हणाली, "छान आहे. रुखवतात मांडू."

६ फेब्रुवारी

थेट जोडला नाही हे बरं केलं. अण्णांनीच शिकवलंय — अनोळखी वस्तू आधी दिव्यामागे लावायची. वीज दिव्यातून मग वस्तूत जाते. वस्तू ठीक असेल तर दिवा जेमतेम लाल होतो. आज दिवा लख्ख पेटला. दिव्याविना जोडला असता तर जळालाच असता. पण का? नवा दिसतो, वेटोळी कुठे तुटलेली नाहीत. दिवसभर तेच डोक्यात. वरणाला फोडणी द्यायची राहिली.

७ फेब्रुवारी

४०० म्हणजे व्होल्ट नव्हेतच. सेकंदाला चारशे सायकल्स! तसल्या विजेसाठी केलेला तो. आपल्या घरात पन्नास येतात, म्हणून दिवा पेटला.

९ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा काळुरामकडे. तो खो खो हसला. "ताई, तो इमानातला माल. हलका असतो म्हनून तर इमान उडतं. तुमच्या डोंबिवलीत तो काय करणार?" मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, तुम्ही विचारलं कुठं? खरंच आहे. बदल्यात त्याने एक जुना, विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर दिला. पिशवीचा बंद स्टेशनापर्यंत टिकला. पुढे कडेवर घेऊन आले. कमळाबाई जिन्यात भेटल्या. पाटा आणलास का गं, म्हणाल्या. हो म्हटलं. उगाच खोटं बोलले.

१० फेब्रुवारी

दिव्यामागे लावला — जेमतेम लाली. मग बसवला. पत्र्याला नवी भोकं पाडावी लागली. व्हॉल्व्हपासून लांब आणि आडवा ठेवला, म्हणजे त्याची गुणगुण तारांत शिरू नये. दोन तास चालवला, हात ठेवला — कोमट. हेडफोन माझ्या कानांना लावले. काही नाही! शेगडीवर आई पोळी उलटत होती, तेवढं ऐकू आलं.

अण्णा उद्या येतील, सासवडच्या आत्याकडून. गुरुवारपर्यंत रजा आहे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांनी काल ऐकलं. आवाज स्पष्ट आहे म्हणाले, पाठ थोपटली. मग म्हणाले, गुणगुण तेवढी आहे.

आज सकाळी पुन्हा बसवलं त्यांना. एक एक व्हॉल्व्ह काढत गेले. आहे? आहे. माइक काढला. आहे? आहे. शेवटी प्लगच उपसला आणि त्यांच्यासमोर धरला. हातात प्लग, तरी अण्णा मान हलवतात — आहे.

 मग अण्णा हसले. "म्हणजे माशी माझ्यातच आहे म्हण की!"

मी मोठ्याने विचारलं, ऑफिसातही असते? असते म्हणाले, दोन वर्षं झाली. मग तारा कशा घेता? त्यांनी तर्जनी पुढे केली. साउंडरवर बोट टेकवतो, बोटाला कळतं. कौतुकाने सांगत होते. मलाही क्षणभर कौतुकच वाटलं — कातडीने ऐकायचं! कसं ऐकू येत असेल?

म्हणून बघायचं ठरवलं. फळीवरून सरावाचा जुना साउंडर काढला. आडगावच्या स्टेशनांवर शाळा नव्हत्या. अ-आ आणि तारेची अक्षरं मी अण्णांजवळ एकदमच शिकले. त्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं. मी गाड्यांचे आकडे पाठवले. आई कौतुकाने उभी होती. मी मनात मोजत होते.

वीस आकडे. सतरा बरोबर. एकदा सातचा आठ झाला, दोनदा तीनचा दोन.

"कितीला पास?" अण्णांनी विचारलं. मी साउंडर पुन्हा फळीवर ठेवला.

१३ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती म्हणाली, गप्प बस, सतरा बरोबर आले ना? पण ज्यांचे आकडे चुकले त्या तिन्ही गाड्या तशाच धावणार. शुक्रवारी, १५ तारखेला, अण्णांची सकाळी सहाची पाळी आहे. त्याआधी पाच वाजता, अण्णांना ऐकू येत नाही हे सांगायला, मी स्टेशनमास्तरांच्या दारात असेन. अण्णांना आजच सांगते. ते आले तर दोघं जाऊ, नाहीतर मी एकटी.