एकाच पातेल्यातले जेवण

ता. ३ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा आचारी, नळांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधून मुख्य आचारी म्हणून निवृत्त, आपल्या यजमानांचा सख्खा बाप, राहणार स्वतःच्या घरी, बहिणीसह, विचारल्यावरून लिहून देतो, की मला स्वयंपाक येतो.

एवढी ओळख द्यावी लागली, कारण तुमच्या पत्रात "बाबांना जमेल का" असे वाक्य आहे. चिरंजीवांनी ते वाचूनही टपालात टाकू दिले, याचे अधिक आश्चर्य वाटले. माझ्या कॅन्टीनचा रस्सा असा होता, की संपाच्या दिवसांत कामगार पुढच्या फाटकाशी घोषणा देत आणि जेवायला मागच्या दाराने येत.

तुम्ही नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी जाणार, चिरंजीवांना सुट्टी नाही, म्हणून माझ्या नातीस, आमच्या खारूताईस, काही दिवस इकडे ठेवायचे, हे उत्तम. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हेही मान्य. आमच्या काळी मुलांना फक्त भूक होत असे, पण तो वाद मी घालीत नाही. शेंगदाणा नको, तर शेंगदाणा नाही. कुणी बिनमिठाचे रांधायला सांगितले असते, तरी रांधले असते. जेवलो मात्र नसतो.

परंतु तिच्यासोबत तिच्या जेवणाचे डबे पाठविणार, हे होणे नाही. माझ्या घरी माझी नात बाहेरचा डबा उघडून जेवणार असेल, तर मी दारावर खानावळीची पाटी लावतो.

आमच्या भगिनी शेजारी बसून "जरा नरम लिही" म्हणत आहेत. हे नरमच आहे.

लोभ आहे तितका राहू द्यावा.

आपला सासरा


ता. ९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. यांनी ते मोठ्याने वाचले आणि संपाशी आल्यावर हसता हसता यांना ठसका लागला. मी "जमेल का" लिहिले ते चुकलेच. "सोसेल का" असे विचारायचे होते. तुमच्या नातीला जेवू घालण्यात स्वयंपाक थोडा आणि पहारा फार. दुकानात पाकिटांची मागची बाजू वाचण्यात माझ्या किती बस चुकल्या असतील! दुकानदार मला "इन्स्पेक्टरीणबाई" म्हणतो, तेही तोंडावर.

तुम्हाला गेल्या वर्षीची हकीकत कुणी नीट सांगितली नसावी. शेजारणीच्या मुलीच्या वाढदिवसाला तिने केकला हात लावला नाही. सफरचंदाची एक फोड खाल्ली. ती फोड केकच्या सुरीने कापलेली होती आणि केकमध्ये दाणे होते. आधी ओठ सुजले, मग अंगावर गांधी उठल्या, मग श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. डॉक्टरांनी मला बजावले आहे, की असे काही दिसले तर विचार करीत बसायचे नाही. मांडीत सुई टोचायची आणि मग रुग्णवाहिका बोलवायची. उगाच टोचली गेली तर फारसे बिघडत नाही, उशीर झाला तर मूल हातचे जाते. ती सुई पेनासारखी आहे. आत्याबाईंना मी ती वापरून दाखवीन.

आता डब्याविषयी. शाळेत ती कोपऱ्यातल्या बाकावर एकटी जेवते. नाव तुम्ही खारूताई ठेवलेत, पडदे चढते म्हणून, आणि नशिबात हे आले. परवा तिने मला विचारले, की सगळ्यांचे जेवण आपल्याला कधी मिळणार. तुमचे पत्र त्यानंतर दोनच दिवसांनी आले. म्हणून डबे न देता पाठवते आहे. तुमच्या पातेल्यातले, तुमच्यासोबत, तुमच्यासारखेच जेवू द्या तिला.

फक्त पातेल्यात जे जे घालाल ते मला आधी लिहून कळवा. रागवा, पण कळवा.

आत्याबाईंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची सून


ता. १४ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

सफरचंदाची हकीकत वाचून भगिनी रडल्या आणि मी सुऱ्या घासायला घेतल्या. मला ती खरोखरच कुणी सांगितली नव्हती. तुझ्या घरी तुझ्या सासऱ्याला अशा गोष्टी सांगत नसतील, तर त्यात थोडा माझाही वाटा असेल.

भाजी कापायची जुनी फळी फोडून टाकली, नवी आणली. पळ्या, झारे आणि चाळण्या सोड्याच्या पाण्यात उकळल्या. पातेलेही नवेच घेतले. शेंगदाण्याची बरणी घरातून हद्दपार होत आहे. भगिनींना दुपारी मूठभर दाणे चघळायची जन्माची सवय. ती त्यांनी सोडली आहे. तोंड हलवायला काही उरले नाही म्हणून आता त्या ते माझ्यावर चालवतात.

विचारल्याप्रमाणे जिन्नस कळवितो. बटाटा, गाजर, फ्लॉवर, कांदा, टोमॅटो, मिरे, मीठ, सूर्यफुलाचे तेल. शेजारी भात. याव्यतिरिक्त काही नाही. मला शब्द थोडे येतात, म्हणून जे लिहितो ते मोजून लिहितो. यावर तू निश्चिंत राहावेस.

सर्वांना एकाच पातेल्यातून वाढले जाईल. तिचे ताट माझ्या आणि भगिनींच्या मध्ये. चढायचेच असेल तर पडदे धुऊन ठेवले आहेत, असे तिला सांगावे.

मनात किंतु न ठेवता पाठवावे, आणि लोभ वाढता असावा.

तुझा सासरा


ता. २७ मार्च

ती. बाबांस,
नमस्कार.

इस्पितळाच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. काल तिने डोळे उघडले. आज तोंडातली नळी काढली. आवाज फुटत नाही, पण पाणी मागितले.

तुम्ही डॉक्टरांना ठणकावून सांगितलेत, की जेवणात शेंगदाणा नव्हता. त्यांनी पुन्हा विचारले, तर तुम्ही त्यांना तुमचा अनुभव सांगितलात. संध्याकाळी यांनी तुमच्या घरी जाऊन पातेले पाहिले. तळाशी दाण्याचे लाल साल चिकटलेले होते. यांनी ते कागदाच्या पुडीत बांधून आणले आणि माझ्यापुढे ठेवले.

अ‍ॅलर्जी पहिल्यांदा कळली, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणाला होता, की ही भरल्या पोटाची थेरं आहेत, थोडे थोडे देत गेले की अंगवळणी पडते. मी तेव्हा खाली मान घालून बसले. आज मान वर करून लिहिते. तुम्ही माझ्या मुलीची परीक्षा घेतलीत.

आत्याबाई सांगतात, की सुई हातात होती पण भीतीने हात उठला नाही. शेवटी रुग्णवाहिकेतल्या माणसाने त्याच्याजवळची टोचली. म्हाताऱ्या माणसाला मी काय बोलणार? पण यापुढे मुलगी त्यांच्याजवळही एकटी राहणार नाही. तुमच्याजवळ तर नाहीच.

लोभाविषयी आज काही लिहवत नाही.

सून


ता. १ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद. विशेष.

तुमचे पत्र मिळाले. त्यातील "परीक्षा" हा शब्द तुम्ही मागे घ्यावा. मी चाळीस वर्षे परक्यांना रांधून घातले. त्यांतल्या एकाच्याही अन्नात मी जाणूनबुजून वावगे काही कालवले नाही, आणि पहिला प्रयोग नातीवर करीन, असे तुम्हांस वाटते. थेरं हा शब्द मी वापरला होता, तो नाकारीत नाही. परंतु तोंडाने बोलणारा माणूस हाताने तसेच करतो, असे नाही.

फळी नवी होती. पातेले नवे होते. जिन्नस कळविले तेच होते. साल कोठून आले, हे मला ठाऊक नाही. चिरंजीवांनी पुडी बांधण्यापूर्वी बापाला एक शब्द विचारायला हवा होता.

भगिनींविषयी काय लिहावे? त्या लहानपणापासून भित्र्या. झुरळ दिसले तरी खुर्चीवर चढतात. त्यांना बोल लावू नये.

परवा मी खारूताईस पाहायला इस्पितळात आलो होतो. परिचारिकेने दारातच सांगितले, की आईची परवानगी नाही. चार संत्री आणली होती, ती बाकावर ठेवून परतलो. सालासकट होती. कुणाचा हात लागलेला नव्हता.

शब्द मागे घेतल्याचे कळवावे.

आपला सासरा


ता. १२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

"परीक्षा" हा शब्द मागे घेते. का, तेही लिहिते.

आत्याबाई आल्या होत्या. मी त्यांना त्या दिवसाचा स्वयंपाक तांदूळ धुण्यापासून सांगायला लावला. मग कळले, की बरणी तुम्ही हद्दपार केलीत ती रिकामी करून. अन्न टाकायचे नाही, म्हणून आदल्या दिवशी उरलेल्या दाण्यांचे कूट करून रश्शात घातलेत आणि दोघांनी तो रस्सा खाल्ला. एक वाटी उरली. दुसऱ्या दिवशी नव्या पातेल्यात, नव्या फळीवरच्या भाज्यांवर, तुम्ही त्या वाटीतली एक पळी ओतलीत. आत्याबाई म्हणाल्या, की ती कॅन्टीनची रीत आहे. कालच्या रश्शाची पळी आजच्या पातेल्यात पडली नाही, तर चव जमत नाही, आणि आचारी तिला "ओळख" म्हणतात. त्यांना वाटले, दादा करतो आहे म्हणजे विचार करूनच करत असेल.

तुम्ही कळवलेल्या जिनसांत एकही खोटा नव्हता. ओळख तुमच्या लेखी जिन्नसच नाही. परीक्षा असती, तर मला जन्मभर धड रागावता तरी आले असते. तेही आता राहिले नाही.

खारूताई घरी आली आहे, पण जेवत नाही. माझ्या हातचेही नाही. घास पुढे केला की ओठ मिटून घेते. तिच्यासमोर बंद पाकीट फोडले तर त्यातली दोन बिस्किटे खाते, तीही हुंगून. वजन रोज उतरते आहे. डॉक्टर म्हणतात, भीती जायला वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

आत्याबाई तिला भरवायला बसल्या, तेव्हा एक विचित्रच झाले. तिने घास घेतला नाही. दोन्ही हातांनी त्यांचे मनगट घट्ट धरून ठेवले. सोड म्हटले तरी सोडेना. मी विचारले की हे काय, तर म्हणाली, की असेच धरायचे असते. मला अर्थ लागला नाही. आत्याबाई रडत उठल्या. मी त्यांना पुन्हा सांगितले, की मुलीजवळ त्यांना एकटे सोडता येणार नाही. बरोबरच आहे, असे म्हणून त्या चपला घालून निघाल्या. चहाही घेतला नाही.

प्रकृतीस जपावे.

तुमची सून


ता. १६ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

पळीविषयी भगिनींनी सांगितले ते खरे आहे. माझ्या उस्तादांनी मला ती रीत शिकविली आणि मी माझ्या हाताखालच्यांना. त्या दिवशी हात सवयीने वाटीकडे गेला, आणि तो गेला हे मला तुझे पत्र वाचेपर्यंत आठवलेही नव्हते. त्याबद्दल तुला जे म्हणायचे ते म्हण. मी ऐकीन.

परंतु मनगटाचा अर्थ तुला लागला नाही, असे तू लिहितेस. तो भगिनी तुला सांगणार नाहीत. म्हणून मी लिहून देतो.

तीन-चार घास झाल्यावर खारूताईने मान खाजविली आणि घसा खाकरला. भगिनी त्याच क्षणी उठल्या. त्यांनी सुई आणली, तू दाखविल्याप्रमाणे टोपण काढले आणि मुलीचा फ्रॉक वर सारला. त्या भ्याल्या नाहीत. हात उठला होता. मी तो धरला. माझ्या पातेल्यात दाणा नाही, साध्या ठसक्यासाठी पोरीला टोचून माझ्या अन्नाला बट्टा लावतेस काय, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, की दादा, सोड. मी सोडले नाही. मी आयुष्यभर पातेली उचलली आहेत आणि त्यांचे मनगट काडीएवढे आहे. खारूताईचा श्वास वाजू लागेपर्यंत मी ते धरून होतो. नंतर सोडले, तर झटक्याने सुई उडून कपाटाखाली गेली. आम्ही दोघे जमिनीवर पालथे पडून ती शोधीत राहिलो आणि मुलगी ताटावर बसून आमच्याकडे पाहत होती.

इस्पितळात भगिनींनी तुला वेगळे सांगितले. मी शेजारी उभा होतो. मी त्यांना ते सांगू दिले, आणि नंतर झुरळाविषयी लिहिले. ते खोटे आहे. आमच्या घरी झुरळ निघाले, तर ते मारायला मी त्यांना हाक मारतो.

त्यांना तू येऊ द्यावेस. मुलीजवळ एकटे बसू द्यावे. वेळ आलीच, तर त्या टोचतील. यात मला शंका नाही, कारण मी पाहिले आहे. मी बोलावल्याखेरीज येणार नाही, आणि तू बोलावू नयेस हेच योग्य. क्षमा मागत नाही. ती मागायची तर खारूताईकडे, आणि तिने अजून घासाला तोंड उघडलेले नाही.

वर लिहिलेले मी वाचून पाहिले. ते बरोबर आहे. तिच्यावरचा लोभ मोडू नये, एवढीच विनंती, आणि तीही भगिनींच्या वतीने.

तुझा सासरा

त्या वेळी हजर असलेले साक्षीदार:
१. माझी बहीण. सुई हातात.
२. माझी नात, वय वर्षे साडेचार. ताटावर.