खालचा अर्धा फळा

बाबा, आज नाक्यावरचा आपला फळा मी कोरा ठेवला. तुमच्यामागे असं कधी झालं नव्हतं, म्हणून तुम्हालाच लिहून सांगायला बसले. गुडघे कुरकुरतात, जिन्यात कठडा धरावा लागतो, तरी सकाळचा चहा झाला की ओलं फडकं आणि खडू घेऊन मी खाली उतरतेच. आज उतरले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो काळा चौकोन दिसतो आणि मी पाठ फिरवून चहाचं भांडं पुन्हा घासते. तुमच्यापुढे आडपडदा कशाला ठेवू? माझं अक्षर दाखवत माणसं एका माणसाला मारायला आली होती.

तुमची पद्धत मी एक दिवस मोडलेली नाही. तुम्ही पाळी संपवून मिलमधून यायचात, केसांत कापूस तसाच, आणि भाकरीला हात लावायच्या आधी फळ्यापाशी जायचात. मधोमध आडवी रेघ. वर ‘लोक म्हणतात’, खाली ‘बघून आलो’. खालचं हाती आल्याशिवाय वरचं फळ्यावर चढायचं नाही. कोणी धापा टाकत यायचा, अमक्या खात्याला उद्या टाळं लागणार म्हणून सांगायचा. तुम्ही त्याला शांतपणे विचारायचात, “तू बघलंस?” तो म्हणायचा, “मी नाही, पण सगळे बोलतायत ना!” “मगे जा, बघून ये. फळो खंय पळान जाणा नाय.” तो चिडून जायचा, आणि बघून आला की निम्म्या वेळा मान खाली घालून यायचा. मग फळ्यासमोर तुम्ही विडी ओढत उभे. ज्याला भांडायचं असेल त्याने तोंडावर येऊन भांडावं. मंडळी भांडायचीही, पार आईबापांपर्यंत जायची, आणि शेवटी आपल्याच गॅलरीत बसून आईच्या हातचा चहा पिऊन जायची.

धाकट्यांना सांभाळायला माझी शाळा सुटली. मला अक्षरं भेटली ती तुमच्या फळ्यावर. पुसायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत तो दिवस आठवतो. माझा हात वरपर्यंत पोचेना, म्हणून मी खालचं तेवढं पुसलं आणि लगोरी खेळायला पळाले. तुम्ही कान धरून मला परत आणलंत. “वाच गो.” मी वाचलं. नुसतं ‘लोक म्हणतात’ तेवढं उरलं होतं. कोणी एक वाटसरू ते वाचून मान डोलावत पुढे गेला होता, आणि तुम्ही मला तिथेच सोडून त्याच्यामागे धावलात, पार बाजाराच्या तोंडापर्यंत. परत आलात तेव्हा घामाने निथळत होतात. तुम्ही मला मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, “अर्धा वाचून गेलो तो. आता घराक जाऊन तसाच सांगतलो.” त्यानंतर मिलमधल्या सुताच्या बॉबिनांच्या जुन्या पेटीची फळकुटं आणून तुम्ही माझ्यासाठी स्टूल ठोकलंत. आधी वरचं पुसायचं, मग खालचं. अफवेला फळ्यावर एकटं सोडायचं नाही. ते स्टूल अजून आहे. एक पाय लंगडतो, माझ्यासारखाच.

आता प्रत्येकाच्या हातात एकेक फळा आहे, बाबा. माझ्याही आहे. नातवंडांचे फोटो येतात, आरत्या येतात, गावाकडचं लग्न इथे बसून दिसतं. त्याला नावं ठेवून मी खोटं बोलणार नाही. पण त्या फळ्यावर मधली रेघ नाही, आणि लिहिणारा समोर उभा नसतो. भांडायचं तर कोणाच्या तोंडावर जायचं?

पिठाच्या चक्कीवाल्याचा मुलगा तुम्हाला आठवेल. वाराणसीकडचे ते; तुम्ही त्याच्या बापाकडून नाचणी दळून आणायचात. आता चक्की तोच चालवतो. याच गल्लीत जन्मला, आपल्या गॅलरीत नागडा धावला, आईने त्याला आपल्यातला भात भरवला. मराठी चांगलं बोलतो, पण घाईत असला की तोंडात हिंदी येतं. नवरात्र चालू आहे. आपल्या शेजारच्या खोलीतली वहिनी नऊ दिवसांचे उपास करते. ती उपासाची भाजणी दळायला घेऊन गेली, राजगिरा, वरी, साबुदाणा. चक्कीसमोर रांग. उपासाचं तो छोट्या चक्कीवर दळतो, त्या चक्कीचा पट्टा तुटलेला; मोठीतून नुकताच गहू निघालेला. तो म्हणाला, “नहीं पीसूँगा, माताजी. पत्थर में गेहूँ लगा है, आपका व्रत टूट जाएगा. सवेरे धोके सबसे पहले आपका.” वहिनी बरं म्हणाली आणि डबा घेऊन परत आली. तिनेच मला हे सांगितलं, हसत हसत: “माझ्यापेक्षा त्यालाच माझ्या उपासाची काळजी!”

रांगेतल्या कोणीतरी मोबाइल धरला होता. त्यातलं ‘नहीं पीसूँगा’ एवढंच कापून ठेवलं, आणि वर लिहिलं की हा आमच्या बायकांचं धान्य दळायला नकार देतो, आमच्याच मुंबईत. निवडणूक तोंडावर आलेली. ज्यांना मतं हवीत त्यांनी ते उचललं, आणि संध्याकाळपर्यंत ज्यांनी आयुष्यात चक्कीचं तोंड पाहिलं नाही तेही दात-ओठ खात होते. तुमची लेक काय करणार? मी चक्कीवर गेले, तुटलेला पट्टा डोळ्यांनी बघितला, वहिनीला पुन्हा विचारलं, आणि सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वर: लोक म्हणतात, चक्कीवाल्याने मराठी बाईचं दळण नाकारलं. खाली: बघून आलो, दगडाला गहू लागला होता, तिचा उपास मोडू नये म्हणून तो थांबला. स्वतःवर खूश होऊन घरी आले आणि दुपारी थालीपीठ थापायला घेतलं.

कोणीतरी फळ्याचा फोटो काढला. वरच्या अर्ध्याचा.

थालीपीठ तव्यावर होतं तेव्हा खालून आरडाओरडा ऐकू आला. गॅस बंद करून मी उतरले. चक्कीसमोर पोरांचा घोळका, ओळखीचं तोंड एखादंच. चक्कीवाल्याला ओट्यावर उभं केलेलं, डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरा, दोन्ही हातांनी कान धरलेले. “मराठीत माफी माग!” तो मराठीतच मागत होता, त्या पोरांपेक्षा सरळ मराठीत. “जोरात! आवाज येत नाहीये.” त्याने जोरात मागितली. “परत बोल रे, हलला फोन.” त्याने परत मागितली. मी आत घुसले. म्हटलं, “अरे, काय चाललंय? त्याने तसं काही केलेलं नाही!” एका पोराने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “मावशी, तुम्हीच तर लिहिलंय. अख्ख्या लालबागला माहितेय, या फळ्यावर खोटं नसतं.” बघते तर माझं अक्षर. माझा तो गोल ‘ळ’, तुम्ही हात धरून गिरवून घेतलेला. मी ओरडले, “अरे, खाली वाचा! तो बघा, तिथे आहे फळा, वळून तरी बघा!” फळा हाकेच्या अंतरावर होता, बाबा, दोन्ही अर्धे धडधडीत उन्हात. एकाचीही मान वळली नाही. “तिकडे कशाला, इथे आहे की,” तो पोरगा म्हणाला, अगदी प्रेमाने, आणि माझ्या खांद्याला धरून मला बाजूला सारलं. “जरा सरका मावशी, फ्रेममध्ये येताय.”

त्यांनी मारलं नाही. दोन थपडा म्हणजे काही मार नव्हे, असं सगळे म्हणतात. त्यानंतर दुसऱ्या बाजूची मंडळी उठली. टीव्हीवर दोघेजण एकमेकांवर ओरडत होते आणि त्यांच्या मागे माझा फळा, वरचा अर्धा. एक म्हणे, बघा, सामान्य जनतेचा संताप. दुसरा म्हणे, बघा, या चाळीतली माणसं कशी विषारी. मला शिव्या घालणारे वेगळे आणि शाबासकी देणारे वेगळे, आणि खालचं कोणीच वाचलेलं नाही. शिव्यांपेक्षा शाबासकीचीच मला जास्त धडकी भरली.

पण हेसुद्धा मी सोसलं असतं. काल वहिनी दारात आली, भाजणीचा डबा घेऊन. म्हणाली, “मावशी, हा तुमच्याकडे ठेवा. मी नाही जायची आता त्याच्याकडे. धान्य टाकून द्यायला जीव होत नाही.” मी म्हटलं, “अगं, तूच जा. तू गेलीस तर लोकांना कळेल काय झालं ते.” ती चौकटीला टेकून उभी राहिली, पदराशी चाळा करत. मग म्हणाली, “खरं सांगू? उर्मटपणेच बोलला असेल हो तो.” “अगं, तू तिथे होतीस! तुला माताजी म्हणाला, व्रत मोडेल म्हणाला. तूच हसत हसत मला सांगितलंस.” “सांगितलं खरं.” तिने डबा माझ्या हातात सरकवला. “पण व्हिडिओत तसं कुठे आहे?”

बाबा, तेव्हापासून मला खडू हातात धरवत नाही. पोरांचं मी समजू शकते, पोरं पूर्वीही डोकी फोडायची. पण ती तिथे होती. तिने तिच्या कानांनी ऐकलं होतं. ज्याने बघितलं त्याला तुम्ही विचारायचात आणि तो सांगेल ते खाली लिहायचात. तुमचा सगळा फळा त्या एका माणसावर उभा होता. आता बघणाराच स्वतःचं बघितलेलं पुसून टाकतो, आणि त्याला कळतही नाही. मग मी कोणाला विचारू? खाली काय लिहू?

आज चक्कीचं शटर अर्धं वर आहे. आत दिवा आहे, तो वाकून काहीतरी साफ करताना खिडकीतून दिसतो. छोट्या चक्कीचा पट्टा बहुतेक नवीन बसवलाय. समोर बाइकवर दोन पोरं बसलीत, मोबाइल हातात, कोण जातं ते बघत. गिऱ्हाईक एकही नाही. असं अजून थोडे दिवस चाललं तर तो शटर ओढून गावी जाईल, आणि मग सगळे म्हणतील, बघा, खोट होती म्हणूनच पळाला. मी डबा घेऊन गेले, समोर उभी राहून भाजणी दळून आणली, तर उद्या खाली लिहायला माझ्याकडे काहीतरी असेल. आणि उद्याच मीसुद्धा त्या पोरांच्या फोनमध्ये असेन, अर्धीच.

तुमच्या लेकीचं एक ऐकून ठेवा, कोणाला सांगू नका. वहिनी गेल्यावर मी तो व्हिडिओ लावला. मग पुन्हा लावला. पुन:पुन्हा लावला. आणि शेवटी शेवटी मलाही तो उर्मट दिसायला लागला, बाबा. ज्याला आईने भात भरवला तो. मी फोन पालथा ठेवला आणि तुमचं स्टूल धरून बसून राहिले.

हा कागद फळ्यावर लावायची माझ्यात हिंमत नाही. वरचा अर्धा कोण घेऊन जाईल कोणास ठाऊक. घडी घालून डब्याच्या खाली सारते. डबा दारात आहे, स्टुलावर. चपला पायात घातल्यात. तुम्ही असतात तर पाठीत एक धपाटा घालून म्हणाला असतात, जा, बघून ये. जाते. अजून उंबऱ्याच्या आतच उभी आहे.