दुपट्ट्याखालची बोटं

बाबा, माय कशी आहे? तिच्या टाचांच्या भेगा भरल्या का, की तिथेही तिला पहाटेच्या दवात मेथी खुडायला लावलं आहे तुम्ही? आजीचा दमा कसा आहे? आत्या अजून सगळ्यांशी अंगणातूनच ओरडून बोलते का? आणि आपल्या पांढऱ्या बैलाचा खांदा? शेवटी शेवटी फार सुजला होता बिचाऱ्याचा. हळद-तेल लावत जा. तुमच्या खोकल्याचं मी मुद्दाम सगळ्यात शेवटी विचारते आहे, बैलाच्याही मागून, कारण मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि मी आत्ता, सत्तरीला टेकल्यावर, रागावले आहे. उशीर झाला हे खरं, पण मला कळलंच उशिरा.

इकडचं सांगते. मला साखर निघाली आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे. पिपरी मेघेला मुलाजवळ राहते. मुलाची पाठ धरते, सुनेला थंडी सोसत नाही, नात मात्र ठणठणीत आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही, नाकाने तुमच्यावर गेली आहे. आणि दादाच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला मागच्या महिन्यात. त्याला पाहायला म्हणून गावाकडे गेले आणि तिथेच हे सगळं उघडं पडलं.

जाताना वर्ध्याहून पावभर जिलबी नेली होती. दादा काळा चष्मा लावून ओसरीवर बसला होता. मी पुडा सोडला तर त्याने तोंड फिरवलं. "नोको वो मले. जिलबी पायली का अजूनही पोटात गोळा येते." मी म्हटलं, काऊन रे दादा, लहानपणी तर किती आवडीने खायचो आपण. तो हसला. "तू खात होती आवडीनं. मले माईत राहे ना, का आज भाव पडला म्हणून." मला काही समजेना. तो म्हणाला, "तुले इतकी वर्षं माईत नाई? बाबाचा माल मातीमोल गेला का बाबा जिलबी आणत. आन् चांगला पैसा आला का तोंड पाडून घरात येत. लोकायले पत्ता लागू नोये म्हणून."

बाबा, हातातला जिलबीचा तुकडा मी परत पुड्यात ठेवला.

तुमचा तो दुपट्टा मला अजून दिसतो. बैलबाजारात दोन माणसं दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबून सौदा करतात, आजूबाजूच्यांना किंमत कळू नये म्हणून, ते मी पाहिलं होतं. बाजारात ठीक आहे, तिथे परके असतात. पण तुम्ही घरात करायचे! वर्ध्याला भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, करून तुम्ही दुपारी परत येता, बैल सोडता, पाय धुता, आणि दादाला जवळ बसवता. दुपट्टा त्याच्या हातावर टाकता आणि खाली बोटं दाबून त्याला भाव सांगता. चूल समोर, माय भाकर थापते आहे, मी तिच्याजवळ पीठ मळते आहे, आणि चार पावलांवर कापड हलतं आहे. वांगी लावली कोणी? माय आणि मी. काटे कोणाच्या बोटांत गेले? मायच्या. रात्री सुईने काढायची ती, दिव्याजवळ बोट धरून. टोपलं किती जड होतं हे तिच्या मानेला ठाऊक होतं, ते कितीला गेलं हे तिला मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. एकदा विचारलं होतं तिने, मी ऐकलं आहे. "कितीले गेले वांगे?" तुम्ही म्हणालात, "तुले काय करा लागते? भाकर भेटते ना?" ती भाकर तीच थापत होती, बाबा. तव्यावर बोट पोळलं तरी हूं की चूं न करणारी बाई, त्या दिवशी तिने तवा जरा जोराने खाली ठेवला. एवढंच. पुन्हा विचारलं नाही. मी विचारायला गेले की मलाच दटावायची, "विचारू नोको वो. त्यायच्या मनात आलं त सांगतीन." तुमच्या मनात आलं नाही.

आणि मी सात वर्षांची असताना शेजारच्या काकूला सांगितलं की आमच्या वांग्यांना काल चांगला भाव आला. मला काय ठाऊक भाव. गाडी रिकामी आली म्हणून मी आपलं आनंदात बोलले. तुम्ही माझा कान धरून गोठ्यात नेलंत. "घरातली गोष्ट भायेर सांगतं? तोंडाले टाका घालू का?" तुम्ही कधी हात उगारत नव्हतात, म्हणून तो कान फार लागला. तेव्हापासून पैसा हा शब्द मी शिवीसारखा जपून वापरला.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. मला तापवलं ते पुढच्याने. मी चौथी पास झाले ते साल आठवतं? गुरुजी स्वतः घरी आले होते. आपल्या बाजेवर बसले, चहा घेतला, म्हणाले, "पोरगी तल्लख आहे. सेलूला पाचवीत घाला. यष्टीचा पास निघतो, पुस्तकं मी मिळवून देतो. दोन गणवेश आणि चप्पल तेवढी बघा." तुम्ही नाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "मंगळवारचा माल जाऊ द्या, मंग सांगतो." मग काय, मी मंगळवारची वाट पाहते आहे. सोमवारी दिवसभर वांगी तोडली, एकेक पुसून टोपल्यात रचली, देठं सगळी एका बाजूला. मला वाटत होतं ती वांगी चकाकली की मी सेलूला जाईन.

मंगळवारी तुम्ही आलात ते तोंड पाडून. बैल हाकायची तुतारी कोपऱ्यात फेकली, पाणीसुद्धा मागितलं नाही. मी दारातच उभी होते. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "यंदा जमत नाई बाई. घरात पैसा नाई." आणि बाबा, मी काय केलं? मी रडले नाही. मला तुमची दया आली. एवढा थकलेला बाप, आणि मी त्याच्याकडे चपला मागते! मी म्हटलं, "राहू द्या बाबा, मी घरीच शिकीन." संध्याकाळी मी तुमचे पाय चेपले. डोळे मिटून पडला होतात तुम्ही.

दादाला मी तेच विचारलं ओसरीवर. तो मंगळवार आठवतो का? त्याने चष्मा काढला, मी नको म्हणत असताना काढला. "आठवत नाई कसा? तसा भाव पुन्हा कधी भेटला नाई. बाबानं माया हातात पाची बोटं दाबली, आन् वरतून अजून दोन. त्याच पैशात नाल्याकडचा तुकडा घेतला ना मंग, लोकायले कर्जानं घेतला म्हणून सांगितलं." मी म्हटलं, मग मला काऊन नाही म्हणाले? तो म्हणाला, "तुले सेलूले धाडलं असतं त साऱ्या गावाले समजलं असतं ना, का यायच्या घरी पैसा आला."

म्हणजे माझी चप्पल पाहून गावाने तुमची कमाई ओळखली असती. म्हणून मी अनवाणी. मी गरिबीने शाळा सोडली असं साठ वर्षं सांगत आले. सासरी सांगितलं, मुलाला सांगितलं, गरिबीला काय कोणी दोष देतं? मी वाणसामानाच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायला शिकले, दादाची जुनी पुस्तकं चुलीजवळ बसून संपवली, आणि त्याचा अभिमान बाळगला, की बापाजवळ नव्हतं तरी पोरगी शिकली. बापाजवळ होतं! मला गरीब असण्याचं दुःख नाही, बाबा. मला संताप आहे तो गरीब नसताना गरीब ठेवल्याचा. आणि माझ्या हातून पाय चेपून घेतल्याचा. पाय तरी ओढून घ्यायचे होते.

दादावरही चिडले मी. तुला ठाऊक होतं तर बोलला काऊन नाहीस? तो म्हणाला, "मले वाटे तुलेही माईत असन. घरातच त होती तू." असं आपलं घर. एका छपराखाली राहून प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला ठाऊक आहे, आणि विचारायची कोणाची छाती नाही.

जिलबीवर मात्र मला नीट रागावता येत नाही. ज्या दिवशी तुमचा माल फेकून द्यायच्या भावात गेला, त्या दिवशी तुम्ही पुडा सोडायचात आणि मी अंगणात गिरक्या घ्यायचे. दादा घास गिळू शकत नव्हता, तुम्ही हसत होतात. बुडालेल्या दिवशी असं हसायला काय लागत असेल, ते मी पुढे पिपरीच्या कोपऱ्यावर अठरा वर्षं भाजी विकली म्हणून मला कळतं. पण एवढं सगळं एकट्याने कशाला गिळायचं? सांगितलं असतं तर मायने त्या दिवशी तुमच्या ताटात दोन घास जास्त वाढले असते.

आता माझ्या घरचं ऐका. मुलगा आणि सून दोघंही कमावतात आणि जेवताना तोंडाने सांगतात, या महिन्यात एवढे कापले, एवढे वाढले. मला सुरुवातीला घास लागायचा. नातीला नागपूरला नर्सिंगला जायचं आहे. मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर तिघं सतरंजीवर बसली. माझे इतके, हिचे इतके, होस्टेलचे इतके, सगळं पोरीच्या समोर. मी सुनेला म्हटलं, "पोरीसमोर काऊन बोलता हे?" ती शांतपणे म्हणाली, "आई, शिकाचं तिले आहे. तिले नाई सांगाचं त कोणाले सांगाचं?" हिशेब काही जुळला नाही. मग नात म्हणाली, "जाऊ द्या. मी एक साल थांबते. चालते मले." ते 'चालते' मी ओळखलं, बाबा. माझ्याच तोंडचं होतं.

आणि मी काय करत होते? भिंतीला टेकून, तोंड पाडून बसले होते. जवसाच्या डब्यात तळाशी माझं पोस्टाचं पासबुक आहे, भाजीच्या अठरा वर्षांचं. घरात कोणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन आले. भरपूर आहेत. परत आले तर सून म्हणाली, "कुठं गेलत्या आई?" मी म्हटलं, "कुठंच नाई. गुडघे दुखून राह्यले." कपाटाच्या आरशात सहज नजर गेली. तुमचं तोंड होतं तिथे. पैसा आलेल्या दिवसाचं.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. काल दुपारी नातीला जवळ बोलावलं. ती वाळलेले कपडे घडी करत होती. मी तिचा हात पदराखाली घेतला आणि बोटं दाबली. ती खिदळली. "आजी, गुदगुल्या काऊन करून राह्यली?" मी म्हटलं, आकडा सांगून राह्यली. "कायचा आकडा? तोंडानं सांग ना मंग!" तोंडाने! कान दुखला, खरं सांगते, तोच कान. त्यात फाटक उघडून शेजारीण उभी, कढीपत्ता मागायला. नात म्हणाली, "सांग ना वो आजी." आणि मी सांगितला. मोठ्याने. शेजारणीचा हात कढीपत्त्यावर तसाच राहिला, "अगा माय!" म्हणाली. सून कणकेच्या हाताने बाहेर आली, एकदा माझ्याकडे, एकदा दारातल्या माझ्या चपलांकडे पाहिलं आणि भडकली. "आई, येवढे पैसे आहेत आन् तुमी त्या दोरी बांधलेल्या चपला घालून राह्यल्या? आमाले काय वाटत असन, विचार नाई केला कधी?" मग पदर तोंडाला लावून आत गेली. घर पडलं नाही. नजर लागली नाही. शेजारणीने कढीपत्ता जरा जास्त नेला, तेवढंच. सोमवारी नागपूरला पैसे भरायचे आहेत. मी सोबत जाणार आहे, नव्या चपला घालून.

आता तुमच्यावरचा राग उतरला असं समजू नका, उतरलेला नाही. पण एक सांगून टाकते. आकडा मी थोडा कमी सांगितला. फार नाही, थोडासाच. का, ते मलाही ठाऊक नाही. तोंडातून तसाच निघाला. खरा किती, तो इथेही लिहीत नाही, कागद कोणाच्या हाती लागेल. हे पत्र टाकायला पेटी कुठे आहे? जवसाच्या डब्यातच ठेवते, पासबुकाखाली.

त्या मंगळवारी सात बोटांचा आकडा नेमका किती झाला, ते मला कळवा. लिफाफ्यात नको, उघड्या कार्डावर लिहा, रस्त्यात डाकवाल्याने वाचलं तरी चालेल. मायला शेजारी बसवून लिहा. लवकर लिहिजा, बाबा.