काशम्मांचा पाहुणचार आणि माझं संशोधन

शुक्रवार पेठ, सोलापूर

तीर्थस्वरूप चनमल्लप्पामामांना भाची दानेश्वरीचे शरणु शरणार्थी.

आम्ही सगळे मजेत. तुमचे गुडघे, मामींचा रक्तदाब आणि नवी म्हैस यांची खुशाली कळवा. (म्हशीचं आधी कळवलंत तरी मामींना सांगणार नाही.)

मामा, मी शोध लावलाय! 'यामागे कुणाचा तरी गुप्त कट आहे' अशा गोष्टींवर लोक किती विश्वास ठेवतात, याची विद्यापीठाची पाहणी मी करतेय हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोमवारपर्यंत साठ फॉर्म भरले तर पुढचं काम माझं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. पेठेतली चाळीस घरं झाली आणि चाळीसही घरांचा सगळ्या कटांवर विश्वास निघाला! टॉवेलात चिप विणतात? होय. पावसाचे ढग कुणीतरी पळवतं? होय. मी नाचायचीच बाकी होते. शेवटचं घर शेजारच्या काशम्मांचं. तिथे घाईत मी प्रश्न उलटा विचारला, की टॉवेलात तसलं काही नसतं ना? त्यालाही "व्हय की." दोन्ही कसं, म्हटलं, तर म्हणाल्या, "आमच्या घरी च्या प्यालीस, शेंगाचटणी-भाकरी खाल्लीस, आनि तुला न्हाय म्हनू व्हय गं?" मामा, मी चाळीसही घरी खाल्लं होतं! म्हणजे महिनाभर मी विश्वास नव्हे, पाहुणचार मोजत होते. (शिवाय निघताना काशम्मांनी त्याच संशयित टॉवेलांची जोडी मला भेट दिली.)

मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. तिथे बिरप्पा नावाचे माग चालवणारे भेटले. मालक लोक गुपचूप एकत्र बसून मजुरी ठरवतात, म्हणाले. मी लगेच 'कटावर विश्वास' या रकान्यात खूण केली. ती बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, खरं असलं तरी बी त्याच रकान्यात टाकता काय?" मी फॉर्म उलटापालटा करून पाहिला, तर त्यात दुसरा रकानाच नव्हता. घरी येऊन सगळे प्रश्न फाडले आणि नवे लिहिले. हे तुम्हाला कशावरून वाटतं, खात्री किती, उलट पुरावा दिसला तर मत बदलाल का, आणि मुख्य म्हणजे, असं वाटल्यावर तुम्ही केलंत काय? ते वाचून विद्यापीठातले आमचे सर तर खुर्चीतून उठून उभे राहिले! मला इतका आनंद झालाय की अक्षर बिघडलंय, समजून घ्या.

मामींना नमस्कार.

तुमची,
दानेश्वरी

ता. क. पेठेतली चाळीस घरं नव्या प्रश्नांनी पुन्हा केली; उरलेले वीस फॉर्म तुमच्या वळसंगचे. काल गेले होते, पण एकानेही दार उघडलं नाही. 'ही बाई जमिनी काढून घ्यायला येतेय, तोंड उघडू नका' असा मेसेज गावाच्या ग्रुपवर फिरतोय. सोबत माझा फोटो आहे आणि तो तुमच्या फोनवरून गेलाय. मामा, हात जोडते, 'ही माझी सख्खी भाची आहे' एवढं तरी आजच्या आज ग्रुपवर टाका.

ता. क. २. फोन तुमचा असला तरी हे काम मामींचं आहे. त्यांच्या माहेरचं स्थळ मी नाकारलं, त्याचा हा राग. पुरावा काही नाही, पण आई, मावशी आणि मी, तिघींची पक्की खात्री आहे. एवढं सगळं आपोआप कसं जुळेल? (आमचं घर पाहणीत धरलेलं नाही.)