अठरा टक्के चरबी

३ जानेवारी

ती. ताईस,
ढब्ब्याचा शि. सा. न. वि. वि.

काल माझं एमआरआय झालं. बस चालवणाऱ्याला बोगदा नवा नाही, पण या बोगद्यात मलाच सरकवलं. आत पत्रा ठोकल्यासारखा आवाज, आणि मधेमधे मशीनवरच्या बाई श्वास रोखायला सांगत होत्या. मी इतका मन लावून रोखला, की सोडा म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं.

आता खरं ते. ज्याचा तुकडा तुला द्यायचा, त्या माझ्या यकृतात अठरा टक्के चरबी निघाली. सुई न टोचता, नुसत्या चित्रांवरून आकडा काढला. असं यकृत देता येत नाही, निदान दहाच्या खाली आणा, असं डॉक्टर म्हणाले. वीस वर्षं स्टिअरिंगमागे बसून जे खाल्लं, ते सगळं तिथे साठलंय. फार लाज वाटली गं. बाहेरच्या बाकावर किती वेळ बुटाची नाडीच बांधत बसलो होतो.

मी चालायला लागलोय. तू तेवढा दम धर.

तुझ्या मायेत चरबी मोजत नाहीत, म्हणून ती भरपूर असू दे.
तुझा ढब्बू

११ जानेवारी

चि. ढब्ब्यास,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र वाचून मला सुटल्यासारखंच वाटलं. माझंही एमआरआय झालं. बरगड्यांवर एक थरथरणारी चकती बांधतात, आणि ती थरथर यकृतातून कशी जाते त्यावरून ते किती कडक झालंय ते मोजतात. माझं पार कडक. त्याच खेपेला हृदय आणि मूत्रपिंडंही पाहिली. ती धडधाकट आहेत, ऑपरेशन सोसेल, असं डॉक्टरीणबाई खुशीत सांगत होत्या.

मी मात्र त्यांना तुझं यकृत नको म्हणून सांगून आले. तुझी लेक चार वर्षांची आहे. तुझ्या पोटावर सुरी चालवून मी शाळेत आणखी भूमितीचे तास घ्यायचे, हे मला जमणार नाही. चाल जरूर, पण स्वतःसाठी.

रागावलास तरी पत्र धाडत जा.
ताई

२ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. तीन महिने हे डेपोत पायी जातात, पायी येतात. पट्ट्याला तीन नवी भोकं पाडलीत. काल पुन्हा एमआरआय झालं. चार टक्के. रिपोर्ट घेऊन हे जिन्यातच बसले आणि रडले. आता द्यायला आहे, आणि तुम्ही घेत नाही.

मला भीती वाटत नाही असं नाही. मी एकटी जाऊन डॉक्टरांना भेटले, धोका किती तेही विचारलं. आठवडाभर विचार केला, मगच हो म्हणतेय.

आई गेल्यावर यांना शाळेत घातलं, तेव्हा बारा वर्षांच्या तुम्ही दिवसभर वर्गाच्या दाराशी उभ्या होतात, हे यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. वन्सं, आता यांना तुमच्यासाठी उभं राहू द्या.

लहान तोंडी जास्त लिहिलं असेल, तर पोटात घाला.
तुमची भावजय

९ एप्रिल

चि. ढब्ब्यास, अ. आ.

तुझ्या बायकोपुढे माझं काही चाललं नाही. तारीख ठरव. मी येते.
ताई

२० ऑगस्ट

चि. ढब्ब्यास, अ. आ.

तुझी जखम आता ओढत नाही, हे वाचून बरं वाटलं. अजून महिनाभर जड काही उचलू नकोस, लेकीलासुद्धा नाही. तिला मांडीवर घे.

तुझं परवाचं एमआरआय इथे पोचलं, माझंही काल झालं. ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत तुझं यकृत जवळजवळ पहिल्याएवढं भरून आलंय, आणि माझ्यातला तुझा तुकडाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. मी बराच वेळ पाहत राहिले. यातलं माझं कुठलं ते कळेना, म्हणून त्यांना विचारलं.

त्यांनाही खालचं नाव वाचावं लागलं.

तुझी,
ताई